प्रार्थनास्थळे आणि छायाचित्रकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, रायपूर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणिसांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी केंद्र सरकारच्या एका हिशेब तपासणाऱ्या खात्यातला माणूस. जमाखर्चाच्या वह्यांवर तासभर बोललो, तर सभागृहात शेवटी मी आणि ध्वनिक्षेपकवाला असे दोघेच उरू, अशी साधार भीती वाटल्याने मी माझ्या छंदाचा आश्रय घेतला आहे. गेली तीस वर्षे, बदली होईल त्या गावी, मी प्रार्थनास्थळांची छायाचित्रे घेत आलो आहे. त्यांत मंदिरे आहेतच. पण त्याहून अधिक चर्च आहेत, जमतील तशा मशिदी, गुरुद्वारे व जैन मंदिरे आहेत, आणि या छत्तीसगढात गावोगाव उभे असलेले सतनामी समाजाचे जैतखामही आहेत. चर्चच अधिक का, असे मला पुष्कळदा विचारले जाते. विचारणाऱ्याच्या स्वरात कधी कुतूहल असते, कधी थोडी शंकाही असते. उत्तर साधे आहे. मंदिरात कोठे उभे राहावे, कोठे वाकावे, कोठे थांबावे हे मला लहानपणापासून ठाऊक होते. चर्चमध्ये ते शिकावे लागले. आणि जेथे शिकावे लागते तेथे माणूस अधिक नीट पाहतो.

छंदाचे मूळ वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात आहे. तो काळा, खोक्यासारखा कॅमेरा आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता. एका रोळात बारा चौरस चित्रे निघत. बारा चित्रांत बारसे, मुंज, सहल आणि घरचा गणपती असे सगळे बसवायचे असल्यामुळे वडील कळ दाबण्यापूर्वी बराच वेळ नुसते पाहत उभे राहत, आणि आम्ही भावंडे उन्हात डोळे बारीक करून कंटाळत असू. आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे, चित्रांना मोजदाद नाही. परंतु वडिलांची ती उभे राहण्याची सवय मी सोडलेली नाही, आणि प्रार्थनास्थळाच्या बाबतीत तरी ती कोणीही सोडू नये असे मला वाटते.

प्रथम थोडे तंत्राविषयी. चर्चसमोर उभे राहिले की घंटेचा मनोरा चौकटीत मावत नाही. मग आपण कॅमेरा वर उचलतो. उचलताच इमारत मागे कलंडू लागते. तिच्या भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. याचे कारण कॅमेऱ्यातील फिल्मचा, अथवा आजच्या संवेदकाचा, पृष्ठभाग भिंतीला समांतर राहत नाही. मंदिराच्या बाबतीत हा दोष सहसा जाणवत नाही, कारण शिखर मुळातच वर निमुळते होत जाते. चर्चच्या सरळ उभ्या रेषा मात्र त्याला लगेच उघडा पाडतात. यावर उपाय म्हणजे मागे सरकावे, कॅमेरा पातळीत धरावा, आणि शक्य असल्यास समोरच्या घराच्या गच्चीवर जावे. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी वर सरकवता येत असे. आज तेच काम करणारी महागडी भिंगे मिळतात, आणि संगणकावरही रेषा सरळ करून घेता येतात. पण संगणक चित्र ताणून सरळ करतो. माझ्या अनुभवात समोरच्या घरच्या गृहिणीस नमस्कार करून तिच्या गच्चीवर जाणे हा सर्वांत उत्तम उपाय आहे. त्यात चहाही मिळतो आणि चर्चची निम्मी हकीकतही कळते.

आतील प्रकाशाचा प्रश्न अधिक बिकट आहे. आपला डोळा खिडकीबाहेरचे ऊन आणि वेदीजवळची सावली एकाच वेळी पाहू शकतो, कॅमेऱ्याला ते साधत नाही. खिडकी सांभाळावी तर वेदी काळोखात जाते, आणि वेदी सांभाळावी तर खिडकी पांढरी फटफटीत होते. पुष्कळ लोक येथे फ्लॅश वापरतात. मला ते रुचत नाही. सपाट उजेडात जुनी भिंत नव्या रंगाच्या दुकानासारखी दिसते, आणि तेथे कोणी प्रार्थनेस बसले असेल तर त्याच्या तोंडावर वीज चमकविणे हा शुद्ध उद्धटपणा होय. ढगाळ दिवस निवडावा. श्रावणातील सकाळ यासाठी फार चांगली. कॅमेरा बाकावर टेकवून उघडीप लांबवावी, आणि उपासना संपून लोक पांगल्यावरच काम सुरू करावे.

जशपूर जिल्ह्यातील कुनकुरीच्या कॅथीड्रलमध्ये मात्र निराळाच अनुभव येतो. त्या इमारतीचे काम 1962 साली सुरू होऊन 1979 साली पूर्ण झाले. ते आशियातील दुसऱ्या क्रमांकाचे चर्च आहे असे तेथे अभिमानाने सांगतात. असल्या क्रमवारीत मला फारसा रस नाही. मला तिच्या पंख्यासारख्या पसरलेल्या आकाराने खिळवून ठेवले. येथे कोपऱ्यात उभे राहूनही वेदीकडे नजर जाते, आणि समोरच्या मध्यरेषेवरून घेतलेले नेहमीचे चित्र या वास्तूविषयी काहीच सांगत नाही.

आता आपल्या अधिक जवळ येऊ. रायपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरांवरील सिरपूर आपण सर्वांनी पाहिले असेल. तेथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले, विटांचे, दगडी चौथऱ्यावर उभे. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या, स्मरणार्थ ते बांधविले. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे गर्भगृहाच्या दगडी चौकटीवरील शेषशायी विष्णू पाहायचा तर सकाळी लवकर पोचले पाहिजे. सूर्य जरा वर चढला की वीट तांबडी सपाट दिसू लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र तिच्यात कोरलेल्या खोट्या खिडक्या आणि चैत्यगवाक्षे एकेक करून वर येतात. एवढे कोरीव काम दगडात नव्हे, विटेत केले आहे, हे तेव्हा कोठे पटते. मंडप केव्हाच पडला. त्याच्या खांबांचे बुंधे तेवढे राहिले आहेत. याच सिरपूरचे उत्खनन 1950 च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने केले आणि तेथील बौद्ध विहार उजेडात आणले, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे.

सरकारी नियमांविषयी एक खुलासा करतो, कारण पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारी आपली माणसे मी पाहिली आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चित्र घेण्यास सामान्यतः आडकाठी नसते. 2018 च्या जुलैमध्ये सर्वेक्षणाने जुनी बंधने सैल करून अजिंठा, ताजमहालातील मुख्य समाधिस्थान आणि लेहचा राजवाडा एवढेच अपवाद ठेवले. पण तिपाई किंवा कृत्रिम उजेड वापरायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. हे झाले स्मारकांविषयी. जेथे आजही पूजा, नमाज किंवा उपासना चालते, तेथे नियम त्या घरच्या माणसांचा. गुरुद्वाऱ्यात डोके झाकावे आणि गुरुग्रंथसाहेबाकडे पाठ करून चित्रासाठी उभे राहू नये. मशिदीत नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नये. गाभाऱ्याचे चित्र नको असे पुजाऱ्याने म्हटले, की कॅमेरा पिशवीत घालावा. दक्षिणा पुढे करून मन वळवू पाहू नये.

परवानगीचा हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही, आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे.

छत्तीसगढात ख्रिस्ती वस्तीला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. 1868 साली ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी येथे आले आणि त्यांनी विश्रामपूर वसविले. त्यांच्याभोवती प्रथम जमलेले लोक बहुतांशी सतनामी समाजातले होते. विश्रामपूरचे चर्च या प्रदेशातील सर्वांत जुन्या चर्चांपैकी एक. ते लोकांना माहीत आहे, त्याची चित्रे पुष्कळांनी घेतली आहेत. परंतु याखेरीज खेड्यापाड्यांत मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपरांची किती लहान प्रार्थनाघरे आहेत! त्यांच्यावर ना मनोरा, ना रंगीत काचा. दारावर चुन्याने काढलेला क्रूस, आत सतरंजी, एक मेज आणि कोपऱ्यात मांदर. अशी घरे मला अधिक ओढ लावतात, कारण ती फार दिवस टिकणारी नसतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही, ते का हे पुढे कळेल. वृद्ध पाळकांनी मला बसावयास खाट दिली, पाणी दिले, आणि माझा व्यवसाय विचारला. केंद्र सरकारात अधिकारी आहे असे म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. शेजारचे दोघेतिघे उठून जवळ आले. त्यांतील एका तरुणाने अगदी नम्रपणे विचारले, "साहेब, ही पाहणी कोणत्या खात्याची? नावेही लिहून घेणार का?"

त्यांचे भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. 2023 च्या जानेवारीत याच राज्यात नारायणपूर येथे जमावाने चर्चची मोडतोड केली, हे आपण सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले. ज्या घराकडे वाकड्या नजरेने पाहिले जाऊ शकते, त्या घराच्या दारात एक अनोळखी अधिकारी कॅमेरा घेऊन उभा राहिला, तर तेथील माणसे काय समजणार? मला जे छायाचित्र वाटते, ते त्यांच्या दृष्टीने पुरावा असू शकते. कोठे भिंत आहे, कोठे दार आहे, रविवारी किती माणसे येतात आणि त्यांचे चेहरे कसे आहेत, हे सर्व त्या एका चित्रात येते. घेणाऱ्याचा हेतू स्वच्छ असला तरी पुढे ते चित्र कोणाच्या हाती जाईल हे कोण सांगणार? आता तर फोनने घेतलेल्या चित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नकळत नोंदले जातात.

त्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. गप्पा झाल्या, भात-भाजी जेवलो आणि परतलो. दुसऱ्या खेपेस त्यांच्या वहीत माझे नाव, पत्ता, दिनांक आणि प्रयोजन स्वहस्ते लिहून दिले. माणसांची चित्रे घेणार नाही, गावाचे नाव कोठे छापणार नाही, आणि प्रत्येक चित्राची एक प्रत त्यांना देईन, असेही त्यात लिहिले. मग पाळकांनी स्वतः दार उघडून दिले. आतल्या भिंतीवर कोणा हौशी हाताने शास्त्रवचन रंगविले होते, अक्षरांभोवती धानाच्या लोंब्यांची वेलबुट्टी होती. तेवढ्या भिंतीची मी चार चित्रे घेतली.

पुढे दोन पावसाळ्यांनी वादळात त्या घराचे छप्पर उडाले. भिंत भिजून पोपडे पडले आणि अक्षरे गेली. नवे छप्पर पत्र्याचे आले. तेव्हा तोच तरुण शंभर किलोमीटर मोटारसायकलवर माझ्याकडे आला आणि त्याने चित्रांच्या मोठ्या प्रती मागितल्या. मी दिलेल्या प्रतीही त्याच पावसात भिजल्या होत्या. त्या चित्रांवरून त्यांनी वचन पुन्हा रंगविले, लोंब्यांसकट. मी जाऊन पाहून आलो. नवी लोंबी जुनीपेक्षा जरा जाड झाली आहे, पण कोणाची तक्रार नाही.

छायाचित्राचे हे काम मोठ्या वास्तूंच्या बाबतीतही घडते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूसचे बॅसिलिका आपण तांबड्या दगडाचे म्हणून ओळखतो. जुन्या छायाचित्रांत ते चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले दिसते. 1950 च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो गिलावा काढला गेला, आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून कोकणातला पाऊस सोसतो आहे. अलीकडे तो पुन्हा झाकावा की नाही असा वाद तेथे झाला. जुनी छायाचित्रे नसती, तर तांबडा दगड हेच मूळ रूप अशी सर्वांची खात्री असती आणि वाद करण्यासही काही उरले नसते.

चित्राची प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, हे अजिंठ्याच्या हकीकतीवरून शिकावे. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दोन्ही वेळा श्रम येथले, आणि राख तेथली. लेण्यांच्या मालकांकडे, म्हणजे आपल्याकडे, एकही पूर्ण संच नव्हता.

मंडळाच्या सभासदांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपण येथे परप्रांतीय म्हणून आलो, आणि काहींच्या चारपाच पिढ्या येथे झाल्या. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी 1758 ते 1787 रतनपुरास होते. तेथील रामटेकरीवरचे राममंदिर त्यांनी बांधविले. नागपूर सोडून आलेल्या माणसाला टेकडीवर राम हवासा वाटला, हे आपल्यापैकी ज्याने रामटेक पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतर सुमारे एक शतकाने, 1890 च्या दशकाच्या आरंभी, नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावास निघाले. त्या आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त राजनांदगावचे दिवस आहेत. मराठी ख्रिस्ती कवितेचा एक धागा असा आपल्या शेजारच्या स्थानकापाशी सापडतो. राममंदिर आणि चर्च, दोहोंशीही आपल्या माणसांचा संबंध या भूमीवरच आलेला आहे.

आणि असे असून, मी सहा महिन्यांपूर्वी आपल्याच सभासदांच्या घरी विचारत फिरलो, तेव्हा काय आढळले? लग्नाचे अल्बम प्रत्येक घरी आहेत. पण आजोबा ज्या दत्तमंदिरात रोज जात, त्याचे जुने रूप, लाद्या आणि तैलरंग येण्यापूर्वीचे, मला फक्त एका घरी मिळाले. तेही मुंजीच्या चित्रात, बटूच्या मागे, अर्धे कापलेले. चित्राच्या पाठीवर साल नाही. हिशेबनिसाला याहून मोठे दुःख नाही! तारीख नसलेली पावती आणि साल नसलेले छायाचित्र यांत मला तरी फरक वाटत नाही.

म्हणून मंडळाच्या ग्रंथालयात एक नोंदवही आणि काही संग्रहपुस्तिका ठेवाव्यात असे मी सुचविले, आणि कार्यकारिणीने ते मान्य केले आहे. आपापल्या वस्तीतील कोणतेही प्रार्थनास्थळ निवडावे, कोणत्याही धर्माचे, जितके साधे तितके उत्तम. सुंदर चित्राचा आग्रह नाही. चारही बाजूंनी एकेक, दाराचे एक, आणि परवानगी असल्यास आतले एक, एवढे पुरे. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने स्थळ, दिनांक आणि परवानगी देणाऱ्याने चालेल म्हटले तर त्याचे नाव लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. कागदावरच्या तीन प्रती कराव्यात. पहिली त्या स्थळाच्या माणसांना नेऊन द्यावी, दुसरी येथे ठेवावी, तिसरी घरी. पहिली प्रत देण्याचे टाळून कोणी केवळ दुसरी आणून दिली, तर ती मी नोंदवहीत घेणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. जेथे गावाचे नाव देऊ नये अशी तेथील लोकांची इच्छा असेल, तेथे नोंदवहीत केवळ क्रमांक राहील.

पुरेसे बोललो. चिटणिसांनी आता दिवे मालवावेत. पहिली चित्रे सिरपूरची आहेत, नंतर विश्रामपूर आणि कुनकुरी. राजीमच्या राजीवलोचन मंदिराच्या मंडपात भिंतीत बसविलेला जगपालाचा 1145 सालचा लेख शेवटी दाखवितो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केलेले आहे. अक्षरांवर उजेड बाजूने पडला तरच ती वाचता येतात, म्हणून एका भाविकाने आपले स्टीलचे ताट उन्हात धरून मला उजेड वळवून दिला होता. चित्राच्या डाव्या कडेला त्या ताटाची किनार थोडी दिसेल.